एक प्रणाली, अनेक विभाग : कॉन्फिगरेशन फाईलची व्यवस्था

बी. ए. (द्वितीय वर्ष)

सन २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव असे झाले. आपला परभणी जिल्हा ज्या महसूल विभागात मोडतो त्या विभागाचेही नाव त्याबरोबर बदलले. कार्यालयावरची पाटी एका दिवसात रंगवून होते. परंतु हजारो ओळींच्या संगणकीय प्रणालीत हे नाव किती ठिकाणी लिहिले गेले आहे, हे कोणी सांगावे?

समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या प्रणालीत प्रवेशाच्या भागात ‘धाराशिव’ अशी दुरुस्ती झाली, आणि शिष्यवृत्तीच्या भागात मात्र ‘उस्मानाबाद’ तसेच राहिले. दोन्ही भाग एकमेकांशी नाव ताडून पाहतात. नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. अर्ज बरोबर, कागदपत्रे बरोबर, तरी विद्यार्थी खेटे घालीत राहतो. ज्याच्या घरातून त्याच्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्याला तर चूक आपलीच असावी असे वाटते. म्हणून हा विषय केवळ संगणकवाल्यांचा नाही. अशा चुका कशा होतात व त्या टाळण्यासाठी कोणती पद्धत आहे, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कॉन्फिगरेशन म्हणजे काय?

शाळा सोडल्याचा दाखला आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यात तीन गोष्टी असतात. पहिली, छापील नमुना व त्यातील रकाने. दुसरी, माथ्यावरचे शाळेचे नाव, पत्ता व क्रमांक. हे शाळेगणिक बदलते, पण एका शाळेत प्रत्येक दाखल्यावर तेच राहते. तिसरी, विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख इत्यादी नोंदी.

संगणकीय प्रणालीतही हेच तीन थर असतात. छापील नमुना म्हणजे प्रोग्राम. विद्यार्थ्याच्या नोंदी म्हणजे डेटाबेसमधील माहिती. आणि माथ्यावरचा मजकूर म्हणजे कॉन्फिगरेशन. डेटाबेस कोणत्या संगणकावर आहे, तो कोणत्या पासवर्डने उघडावयाचा, अर्जाची शेवटची तारीख कोणती, जिल्ह्यांची यादी कोणती, कराचा दर किती, अशा गोष्टी यात येतात. वस्तू व सेवा कराचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. ज्या दुकानदाराच्या प्रणालीत दर निराळ्या फाईलीत होता त्याचे काम थोड्या वेळात झाले. ज्याच्या प्रणालीत तो प्रोग्रामच्या ओळींत पेरलेला असेल त्याला प्रोग्राम करणाऱ्यालाच बोलवावे लागणार, हे उघड आहे.

अनेक मॉड्यूल एकत्र आले म्हणजे

मोठी प्रणाली एकसंध लिहीत नाहीत. प्रवेश, शुल्क, ग्रंथालय, परीक्षा असे तिचे निरनिराळे भाग करतात. या भागांना मॉड्यूल म्हणतात. ते तपासून, जोडून एकत्र गाठोडे तयार करण्याच्या क्रियेला बिल्ड असे नाव आहे. जावा भाषेत लिहिलेल्या प्रणालींसाठी ‘मेवन’ नावाचे साधन पुष्कळ ठिकाणी वापरतात. त्यात एक पालक फाईल असते व तिच्याखाली प्रत्येक मॉड्यूलची स्वतःची फाईल. पालकात लिहिलेले सर्व मुलांना लागू होते.

अडचण येथे सुरू होते. प्रत्येक मॉड्यूलचा एक ‘रिसोर्सेस’ नावाचा कप्पा असतो व त्यातील कॉन्फिगरेशन फाईल त्या मॉड्यूलच्या गाठोड्यात जाते. चार जणांनी चार मॉड्यूल लिहिले आणि चौघांनीही आपापल्या फाईलीला ‘ॲप्लिकेशन’ हेच नाव दिले, असे समजा. प्रणाली चालू होते तेव्हा त्या नावाची फाईल शोधली जाते. सामान्यतः शोधाच्या वाटेवर जी प्रथम सापडेल ती वाचली जाते. बाकीच्या तीन तेथेच असतात, पण त्यांना कोणी विचारीत नाही. चुकीची सूचनाही येत नाही. ग्रंथालयाचे मॉड्यूल शुल्क विभागाचे आकडे घेऊन निमूटपणे काम करीत राहते.

यावर उपाय साधे आहेत. प्रत्येक मॉड्यूलच्या फाईलीला त्या मॉड्यूलचेच नाव द्यावे. जसे शुल्क, ग्रंथालय, परीक्षा. जे सर्वांना समान आहे, उदाहरणार्थ जिल्ह्यांची यादी, ते एका सामाईक मॉड्यूलमध्ये एकदाच लिहावे व इतरांनी तेथून घ्यावे. नक्कल करून आपल्याकडे ठेवू नये, कारण मूळ प्रत बदलली तरी नक्कल बदलत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. अशा वेळी यादी एकच असेल तर एक ओळ वाढवून भागते. पाच नकला असतील तर पाचही शोधाव्या लागतात, आणि विसरण्यास एकच पुरते.

बांधताना की चालविताना?

तयार प्रणाली एकाच जागी चालत नाही. लिहिणाऱ्याच्या संगणकावर, चाचणीच्या संगणकावर व शेवटी प्रत्यक्ष कामाच्या संगणकावर ती चालते. तिन्ही ठिकाणी डेटाबेस निराळा असतो. मेवनमध्ये यासाठी ‘प्रोफाईल’ ही सोय आहे. फाईलीत रिकाम्या जागा सोडावयाच्या व बिल्ड करताना निवडलेल्या प्रोफाईलप्रमाणे त्या भरून घ्यावयाच्या. पद्धत सोपी आहे. परंतु तिच्यात एक दोष आहे. चाचणीसाठी एक गाठोडे बांधले जाते आणि प्रत्यक्ष कामासाठी दुसरे. म्हणजे जे तपासले ते पाठविलेच नाही, आणि जे पाठविले ते कोणी तपासलेच नाही.

म्हणून गाठोडे एकदाच बांधावे आणि ठिकाणाप्रमाणे बदलणारी मूल्ये चालू करतेवेळी बाहेरून द्यावीत, हा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो. २०११ च्या सुमारास हेरोकू या कंपनीतील मंडळींनी ‘ट्वेल्व्ह फॅक्टर ॲप’ या नावाने बारा नियम मांडले. त्यांतील तिसरा नियम कॉन्फिगरेशन प्रोग्रामपासून वेगळे ठेवण्याविषयी आहे. त्यांनी एक कसोटीही सांगितली आहे : तुमचा सर्व प्रोग्राम याक्षणी जगासमोर उघडा केला, तर एखादे गुपित बाहेर पडेल काय? पडणार असेल, तर वेगळेपणा अजून झालेला नाही.

कोणाचे ऐकावयाचे?

एकच मूल्य दोन ठिकाणी लिहिलेले असेल, तर कोणते मानावे? राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे संविधानाचे कलम २५४ आठवेल. समवर्ती सूचीतील विषयावर केंद्र व राज्य यांचे कायदे परस्परविरोधी असतील, तर सामान्यतः केंद्राचा कायदा चालतो. कॉन्फिगरेशनमध्ये बहुधा याच्या उलट असते. मेवनमध्ये मुलाने लिहिलेले मूल्य पालकाच्या मूल्यावर मात करते. ‘स्प्रिंग बूट’ या साधनात गाठोड्यातील फाईलपेक्षा बाहेरची फाईल वरचढ, तिच्यापेक्षा त्या संगणकावर ठरविलेले मूल्य वरचढ आणि चालू करताना आज्ञेत दिलेले मूल्य त्याहूनही वरचढ. कामाच्या जागेशी जे जवळचे, त्याचे ऐकले जाते. हा क्रम समजून घेतला नाही तर माणूस फाईल दुरुस्त करीत बसतो आणि प्रणाली दुसरेच मूल्य वाचीत असते.

पासवर्ड आणि मराठी अक्षरे

पासवर्ड प्रोग्रामच्या फाईलींबरोबर ठेवू नयेत, हे वारंवार सांगितले जाते. त्यामागे कारण आहे. ‘गिट’ सारख्या साधनात प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जातो. आज ओळ खोडली तरी कालच्या प्रतीत ती राहतेच. २०१६ साली उबर या कंपनीच्या अभियंत्यांच्या खाजगी कोठारात अशा किल्ल्या हल्लेखोरांच्या हाती लागल्या व सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. एकदा पासवर्ड असा लिहिला गेला असेल, तर तो खोडून भागत नाही. तो बदलावाच लागतो.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. जावातील ‘प्रॉपर्टीज’ फाईली पूर्वी पश्चिम युरोपीय अक्षरसंचाप्रमाणे वाचल्या जात. त्यामुळे देवनागरी मजकूर सरळ लिहिण्याची सोय नव्हती. एकेका खुणेसाठी सहा-सहा चिन्हांचा संकेत लिहावा लागे. ‘परभणी’ या शब्दात काना-वेलांटीसह पाच खुणा आहेत. त्याला तीस चिन्हे लागत, आणि लिहिलेले काय आहे ते डोळ्यांनी वाचता येत नसे. २०१७ मध्ये आलेल्या जावाच्या नवव्या आवृत्तीपासून भाषांतराच्या संदेश-फाईली ‘यूटीएफ-८’ पद्धतीने वाचल्या जाऊ लागल्या. तरीही प्रॉपर्टीज फाईल थेट उघडून वाचली, तर जुनीच रीत लागू पडू शकते. म्हणून अक्षरसंच कोणता, हे बिल्डमध्ये व फाईल वाचतानाही स्पष्ट सांगावे. नाही तर विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते.

समारोप

वरील विवेचनातून चार गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या वाटतात. बदलणारे व न बदलणारे वेगळे ठेवावे. समान गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. गाठोडे एकदाच बांधून ठिकाणाची मूल्ये बाहेरून द्यावीत. आणि एखादे आवश्यक मूल्य मिळाले नाही, तर प्रणालीने अंदाजाने पुढे न जाता चालू होतानाच थांबावे व काय हवे ते स्पष्ट शब्दांत सांगावे.

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप व फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. राउटरच्या कॉन्फिगरेशनमधील बदलामुळे ते घडले, असा खुलासा कंपनीने त्या वेळी केला होता. त्याची बातमी जगभर झाली. परंतु जिल्ह्याच्या जुन्या नावामुळे एका विद्यार्थ्याचा अर्ज परत आला, तर त्याची बातमी होत नाही. तेव्हा खिडकीपाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने ‘माझे काय चुकले?’ एवढेच विचारून परत फिरू नये. ‘ही यादी कोठून येते व ती शेवटची केव्हा बदलली?’ असेही विचारावे. तो प्रश्न विचारण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.