मंदीच्या दिवसांतील परदेशी करार

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल-उत्पादक देशांनी पुरवठ्यावर निर्बंध घातले आणि पुढील तीन महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. भारतात या घटनेचे दोन परिणाम एकाच वेळी घडून आले. एकीकडे महागाईने वीस टक्क्यांची मर्यादा ओलांडली, कारखान्यांना इंधन महागले आणि बांधकामे रखडली. दुसरीकडे त्याच तेलाच्या पैशातून पर्शियन आखाताच्या किनाऱ्यावर बंदरे, रस्ते व वसाहती उभ्या राहू लागल्या आणि त्यांसाठी गवंडी, सुतार, वेल्डर, वीजतंत्री यांची मागणी निर्माण झाली. ज्या कारणाने मायदेशी काम गेले, त्याच कारणाने परदेशी काम मिळाले. केरळच्या मलबार भागातून आणि कोकणातील रत्नागिरी जिल्ह्यातून हजारो माणसे त्या काळात आखातात गेली, त्यांतील फार मोठा भाग मुंबईच्या भरती-दलालांमार्फत.

हा योग पुन्हा पुन्हा येईल असे मात्र मानता येत नाही. १९८६ मध्ये तेलाचा भाव कोसळला, तेव्हा भारताच्या आयातीचे ओझे हलके झाले, परंतु आखातातील नवी कंत्राटे आटली. २०१४ च्या मध्यास पिंपामागे शंभर डॉलरहून अधिक असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये तिसांच्या खाली उतरला. त्याच वर्षी सौदी अरेबियात हजारो भारतीय कामगार कित्येक महिन्यांच्या थकलेल्या वेतनासह छावण्यांत अडकून पडले आणि त्यांच्या जेवणाची सोय भारतीय वाणिज्य दूतावासाला करावी लागली. २००८-०९ व २०२० या दोन्ही वेळी तर मंदी दोन्ही किनाऱ्यांवर एकदमच येऊन धडकली. तेव्हा करार हाती आलेल्या माणसाने पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, मंदी नेमकी कोठे आहे? घरी काम नाही, हे त्याला पुरेपूर ठाऊक असते. तिकडे काम किती काळ टिकेल, हे मात्र त्याला दलालाच्या तोंडून कळते, आणि दलालाचा मोबदला माणूस विमानात बसताच वसूल झालेला असतो.

कोणता व्यवसाय हाताशी आहे, यावरही बरेच अवलंबून असते. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरणीतील जोडारी, वेल्डर किंवा वीजतंत्री यांचे कसब जगात कोठेही बांधकामावर व तेलशुद्धीकरण कारखान्यात चालण्यासारखे होते. साच्यावरच्या विणकराचे तसे नव्हते. विणकराला जावयाचे तर 'हेल्पर' म्हणून, म्हणजे वीस वर्षांचे कौशल्य बाजूस ठेवून, जावे लागले असते. करारपत्रात पदाचा उल्लेख कोणत्या शब्दाने केला आहे, ही बाब म्हणूनच किरकोळ नव्हे. व्हिसावर जे पद लिहिलेले असते, त्यानुसारच वेतन ठरते.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळणे इष्ट होईल. समजा, त्रिचूर जिल्ह्यातील एका सेंटरिंगच्या सुताराला संयुक्त अरब अमिरातीत दोन वर्षांचा करार मिळत आहे. एकूण वेतन महिना १,२०० दिरहम; राहण्याची जागा मालकाची, जेवण स्वतःचे. जेवण व किरकोळ खर्च ४०० दिरहम धरला, तर ८०० उरतात. एका दिरहमला २२ रुपये हा दर गृहीत धरल्यास घरी १७,६०० रुपये पोहोचतात. मागे राहिलेल्या कुटुंबाचा खर्च ९,००० रुपये. म्हणजे महिन्याला ८,६०० रुपये मोकळे राहतात. हाच सुतार घरी राहिला, तर मंदीमुळे त्याला महिन्यातून बाराच दिवस काम मिळते. ९०० रुपये रोजाने १०,८०० रुपये होतात आणि घरखर्च, त्याचे स्वतःचे पोट धरून, १०,००० रुपये. शिल्लक जेमतेम ८०० रुपये. ८०० की ८,६००, असा प्रश्न मांडला तर त्याचे उत्तर शाळकरी पोरही देईल, आणि बहुतेक घरांत प्रश्न असाच मांडला जातो.

पण या मांडणीत जाण्याचा खर्च आलेला नाही. समजा, दलालाने एक लाख रुपये मागितले आणि ते सावकाराकडून दरमहा तीन टक्के व्याजाने घेतले. पहिल्याच महिन्यात ३,००० रुपये व्याजात जातात. मोकळे राहिलेले सर्वच्या सर्व ८,६०० रुपये दरमहा कर्जफेडीकडे वळविले, तरी कर्ज फिटण्यास पंधरावा महिना उजाडतो. चोवीस महिन्यांच्या करारातील पंधरा महिने हा सुतार सावकारासाठी राबतो. करार पूर्ण झाला, तर अखेरीस हाती सुमारे ८१,००० रुपये येतात. मंदीत मात्र करार पूर्ण होईलच असे नाही. दहाव्या महिन्यानंतर काम बंद पडले आणि तो परत आला, तर त्याच्या नावावर सुमारे ३६,००० रुपयांचे कर्ज उरलेले असते. घरी राहिला असता तर तेवढ्याच काळात निदान आठ हजार रुपये गाठीस असते.

आता यातील एकच आकडा बदलून पाहावा. अलीकडील नियमांनुसार नोंदणीकृत भरती-दलालास घेता येणारे कमाल सेवाशुल्क ३०,००० रुपये व त्यावरील कर मिळून ३५,४०० रुपये होते. तेवढीच रक्कम दरमहा एक टक्का व्याजाने बँकेकडून अगर सहकारी पतसंस्थेकडून घेतली, तर ती पाचव्या महिन्यातच फिटते. दोन वर्षांअखेर सुमारे १,७०,००० रुपये शिल्लक राहतात. आणि दहाव्या महिन्यानंतर परत यावे लागले, तरी जवळजवळ ५०,००० रुपये हाती असतात. वेतन तेच, मालक तोच, मंदीही तीच. निर्णय फिरला तो केवळ निघतानाच्या कर्जामुळे. परदेशी करारांविषयीच्या चर्चेत सर्वांचे लक्ष वेतनाच्या आकड्याकडे लागलेले असते. वस्तुतः मंदीच्या काळात पहिल्या महिन्यांचे कर्ज हाच निर्णायक आकडा असतो.

वेतनाचेही दोन भाग असतात, हे विसरून चालत नाही. अमिरातीच्या कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांत सेवेच्या प्रत्येक वर्षाबद्दल एकवीस दिवसांच्या वेतनाइतकी उपदानाची रक्कम मिळते, परंतु ती मूळ वेतनावर मोजली जाते. वरील १,२०० दिरहमांपैकी मूळ वेतन ७०० आणि बाकीचे भत्ते असतील, तर दोन वर्षांचे उपदान ९८० दिरहम होते. सर्वच रक्कम मूळ वेतन असती, तर ते १,६८० झाले असते. करारपत्रावरील एका ओळीचा हा फरक रुपयांत पंधरा हजारांच्या घरात जातो.

करारपत्राबाबत आणखी एक गोष्ट. येथे सही केलेला कागद आणि तेथे पोहोचल्यावर पुढे केला जाणारा कागद यांत तफावत असल्याच्या तक्रारी या स्थलांतराइतक्याच जुन्या आहेत. सौदी अरेबिया व अमिरात येथे अरबी भाषेतील मजकूर ग्राह्य मानला जातो. इंग्रजी प्रतीवर विसंबणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. १९२२ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा उत्प्रवास अधिनियम ३० डिसेंबर १९८३ पासून अमलात आला. त्याने भरती-दलालांना नोंदणी सक्तीची केली आणि कमी शिकलेल्या कामगारांना ठराविक देशांत जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकांची अनुमती आवश्यक ठरविली. ही अनुमती म्हणजे एक जादा खेटा असे मानून अनेक जण भेटीच्या व्हिसावर निघून जातात. परिणामी त्यांचा करार कोठेही नोंदला जात नाही, अनिवार्य विम्याचे संरक्षण मिळत नाही, आणि वेतन थकल्यास दाद मागावयास कागदच हाती नसतो. मंदीत हा धोका दुप्पट होतो, कारण कामावरून प्रथम कमी केली जातात ती अशीच बेकायदा ठरणारी माणसे.

कफील पद्धती, म्हणजे कामगाराचा निवास एकाच मालकाशी बांधून ठेवणारी व्यवस्था, सर्वत्र सारखी राहिलेली नाही. कतारने २०२० मध्ये मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्यास मुभा दिली आणि मार्च २०२१ पासून १,००० रियालचे किमान मूळ वेतन लागू केले. एके ठिकाणचे काम संपल्यास दुसरीकडे जाता येते की थेट मायदेशी परतावे लागते, हे देशादेशावर अवलंबून असल्याने केवळ 'गल्फला जातो' एवढ्याने काहीच स्पष्ट होत नाही.

परत येणे ही या व्यवहारातील अपवादात्मक घटना नव्हे. तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८ मध्ये केलेल्या पाहणीत केरळचे १३.६ लाख लोक परदेशी असल्याचे व सुमारे ७.४ लाख लोक परत आलेले असल्याचे आढळले. परतणाऱ्यासाठी येथे काय शिल्लक आहे, हे म्हणून निघतानाच पाहावे लागते. जुन्या मालकाकडे बिनपगारी रजा मिळते की राजीनामाच द्यावा लागतो? कर्जासाठी गहाण पडते ते घरातले सोने की राहते घर? सोने गेले तर दुःख होते. घर गेले तर परत येण्यास जागाच उरत नाही. या प्रश्नांची उत्तरे जाणाऱ्याइतकीच त्याच्या पत्नीलाही ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण सावकार दारात येतो तेव्हा तो घरी नसतो.

राहता राहिली ती चौकशी. बांधकाम कोणत्या टप्प्यावर आहे, पैसा सरकारचा आहे की कर्ज काढून इमले बांधणाऱ्या खाजगी कंपनीचा, हे दलालाला विचारून उपयोग नसतो. त्याच मालकाकडे आधीपासून असलेल्या आपल्या गावच्या वा तालुक्याच्या माणसाला एवढेच विचारावे की, मागील तीन महिन्यांचे वेतन कोणकोणत्या तारखांना मिळाले. तारखा पुढे पुढे सरकत असतील, पहिल्या महिन्यात पाचवी, दुसऱ्यात अठरावी आणि तिसऱ्यात अजून वाट पाहणे चालू असेल, तर तेथील मंदी दलालाच्या कार्यालयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्या छावणीत येऊन पोहोचलेली असते.