स्पिरिटची बाटली आधी बाजूला ठेवा

जुना फिल्म कॅमेरा धुळीने सहसा मरत नाही. तो मरतो कपाटातून बाहेर आल्यावर, पहिल्याच रविवारी. घरात कापूस असतो, स्पिरिट असतं, हाताशी वेळ असतो आणि अंगात उत्साह असतो. मावसभावाने ठाण्याहून काकांचा ऑलिंपस ओएम-१ माझ्याकडे आणला, तेव्हा तो रविवार होऊन गेला होता.

हा कॅमेरा योशिहिसा माइतानी यांच्या डोक्यातून निघालेला. १९७२ साली तो एम-१ नावाने बाजारात आला, लाइकावाल्यांनी नावाला हरकत घेतली म्हणून पुढे ओएम-१ झाला. लेन्स काढली की जेमतेम अर्धा किलो. त्या काळच्या बहुतेक जपानी कॅमेऱ्यांसारख्या यातही मागच्या दाराच्या खाचांत आणि आरशाच्या वर फोमच्या पट्ट्या आहेत. दमट हवेत हा फोम वापराविनाच कुजतो आणि त्याचं डांबर होतं. भावाने त्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला. डांबर पातळ होऊन फोकसिंग स्क्रीनवर उतरलं, मग त्याने स्क्रीनही पुसली. ती प्लास्टिकची असते. तिचा बारीक खरखरीतपणा गेला की फोकस कुठे बसतोय ते कळेनासं होतं. सुदैवाने ओएम-१ची स्क्रीन लेन्सच्या तोंडातून काढून बदलता येते, म्हणून निभावलं. आरशाचं तसं नाही. त्याचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, मागे नाही, त्यामुळे पुसलं की ओरखडे कायमचे. फोटो मात्र बिघडत नाही, कारण फिल्मवर प्रकाश पडतो तेव्हा आरसा वर गेलेला असतो. म्हणून मळका आरसा बघवत नसला तरी फक्त रबरी फुग्याने हवा मारा आणि तिथेच थांबा.

फोम काढायचाच तर कॅमेरा उलटा धरा, म्हणजे लगदा आत न पडता बाहेर पडेल. शटरच्या पडद्यावर कागद ठेवा. तो रबर चढवलेल्या कापडाचा असतो, त्याला ना बोट लागू द्यायचं ना द्रावण. बांबूच्या काडीचं टोक लायटरच्या पेट्रोलात जेमतेम ओलं करून थोडं थोडं खरवडा. दाराच्या खाचेत नवा फोम मिळाला नाही तर काळी बारीक लोकर चालते, मी तीच वापरतो. आरशावरची पट्टी मात्र मूळ जाडीचीच हवी, नाहीतर आरसा तिच्यावर अडतो.

ओएम-१च्या प्रिझमभोवतीही असाच फोम असतो आणि तो कुजताना प्रिझमची चांदी खातो. व्ह्यूफाइंडरमध्ये तपकिरी डाग किंवा काळपट पट्टा दिसला, तर समजा खाल्ली. त्यावर साफसफाईचा उपाय नाही. दुसऱ्या, मेलेल्या कॅमेऱ्याचं प्रिझम बसवावं लागतं आणि त्यासाठी वरचं झाकण उघडावं लागतं. हे काम हात बसलेल्या कारागिराचं. तुमच्याकडे जपानी स्क्रूला नेमका बसणारा पेचकस नसेल तर झाकणाला हातच लावू नका. साध्या फिलिप्स पेचकसाने त्या स्क्रूंची डोकी झिजतात आणि मग कारागीरही हात टेकतो.

लेन्सवरची बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. नुकती आलेली असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडने ओलसर केलेल्या मऊ कापडाने जाते. थेंब कापडावर टाका, काचेवर नको. काचेवर टाकलेला कडेने आत झिरपतो. बरीच वर्षं राहिलेली बुरशी मुलामा आणि काच कोरून ठेवते. ते व्रण घासून जात नाहीत, पण उजेडाकडे तोंड करून फोटो काढायचे नसतील तर फारसे जाणवतही नाहीत. मी अशा लेन्स तशाच वापरतो.

शटर मंद झालं की शिलाई मशीनचं तेल सोडण्याचा मोह होतो. ते पसरत पसरत नको तिथे जातं, त्यावर धूळ बसते आणि दुरुस्तीचा खर्च दुप्पट होतो. आधी फिल्म न घालता वेगवेगळ्या वेगांवर शटर मारत राहा. कित्येकदा तेवढ्यानेच ते मोकळं होतं.

लाइटमीटरसाठी १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. १.५ व्होल्टचा सेल घातला तर मीटरला उजेड जास्त वाटतो आणि फोटो अंधारे येतात. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टच्या आसपास देतो. तो थोडा लहान पडतो, भोवती रबरी रिंग घाला. वरचं स्टिकर काढल्यापासून तो आपोआप उतरत जातो, म्हणून दोन-चार जास्तीचे आणा.

आणि चामड्याची ती देखणी केस वेगळी ठेवा. काकांच्या लेन्सवरची बुरशी त्या केसमध्येच वाढली होती. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आत राहिली की पुरे. पिशव्यांतले दाणे ओले झाले की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात.