वहीतला रानपिंगळा

लष्कर, ग्वाल्हेर

चि. मनू हिस,


इंदूरला परतताना तुझी वही इथंच राहिली आणि काकांनी ती न विचारता वाचली. दिवाळीनंतरच्या त्या पहाटेच्या पानावर नोंद आहे: 'घाटीगाव, ६.४०, रानपिंगळा १.' पुढे तीन उद्गारचिन्हं!

पक्षी होता, वाद नाही. करधईच्या शेंड्यावर बसला होता. काकांनी दुर्बिणीची झाकणं काढेपर्यंत उडालासुद्धा. पण माथा पाहिलास का? साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके भरपूर, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा. वहीत माथ्याबद्दल अक्षर नाही. दिवसा दिसला, हा पुरावा धरू नये. रानपिंगळा दिवसा वावरतो खरा, पण साधा पिंगळाही सकाळी ऊन खात बसतो. शिवाय रानपिंगळा खंडवा-बुऱ्हाणपूरकडच्या सागवनातला. आपल्या करधई-खैराच्या रानात तो आल्याचं काकांच्या तरी ऐकिवात नाही.

एवढी कटकट कशाला, म्हणशील. तर ऐक.

ह्यूमसाहेबानं १८७३ साली रानपिंगळ्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ मध्ये डेव्हिडसननं खानदेशात एक नमुना मिळवला आणि त्यानंतर पक्षी जणू गडप झाला. मधे नमुन्याची एकच नोंद होती: कर्नल माइनर्ट्झहागेन या बड्या पक्षीतज्ज्ञाचा १९१४ चा नमुना, ठिकाण गुजरातेतलं मांडवी. त्या नमुन्यावरची चिठ्ठी खोटी होती. महाशयांनी लंडनच्या संग्रहालयातला जुना नमुना चोरून, तो नव्यानं भरून त्यावर स्वतःचं नाव लावलं होतं! त्या चिठ्ठीवर विसंबलेले लोक भलत्याच ठिकाणी हिंडले. सालिम अलींसारख्यांनाही रानपिंगळा सापडला नाही. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, ती नोंद बाजूला सारली आणि खऱ्या जुन्या ठिकाणांचा माग काढला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळच्या रानात, निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

तू लबाडी केली नाहीस, घाई केलीस. वाचणाऱ्याला मात्र दोन्ही सारखीच फसवतात.

म्हणून आधी माथा, छाती, पाय, झाड, उजेड लिहावं; नाव शेवटी, आणि खात्री नसेल तर जागा कोरी सोडावी. काहीच दिसलं नाही तर तेही लिहावं. घाटीगावचं अभयारण्य १९८१ साली सोनचिरैयासाठी, म्हणजे आपल्या माळढोकासाठी झालं. तो तिथून नाहीसा होत गेला, हे रिकाम्या हातानं परतलेल्यांच्या नोंदींवरूनच तर कळतं.

वही पोस्टानं पाठवतो आहे. ते पान फाडू नकोस, खोडूही नकोस. खाली आजची तारीख घालून लिही: 'पिंगळा, माथा पाहिला नाही.'

पुढच्या खेपेला दुर्बिणीची झाकणं घरीच राहतील.

तुझे,
काका