घरामागची लोहारसाळ

परिसर अभ्यासासाठी गुरुजींनी गावातल्या कारागिरांची माहिती लिहायला सांगितली. आमच्या घरामागं लोहारसाळ आहे. म्हणून मी लोहारकामाची माहिती लिहीत आहे.

विळा, कोयता, खुरपे, कुऱ्हाड, कुदळ, पहार ही हत्यारे लोहार घडवतो. पूर्वी बारा बलुतेदारांत लोहार होता. तो वर्षभर शेतकऱ्यांची अवजारे नीट करायचा आणि सुगीला शेतकरी त्याला धान्य द्यायचे. त्याला बलुतं म्हणत. आता लोक रोख पैसे देतात.

आपल्या भोर-वेल्हे भागात भाताची शेती फार. दिवाळीच्या आसपास सगळ्यांची कापणी एकदम येते. तेव्हा विळ्याची धार गेली तर माणसाचा रोज वाया जातो. आमच्या आजोबांना घण उचलेना, म्हणून आमची भट्टी काही वर्षे बंद होती. लोक बाजारातून पातळ विळा आणायचे. तो एका सुगीतच जायचा. जुन्या विळ्याला धार लावायला भोरला जायचे म्हटले तर एसटीचे भाडे लागे आणि अर्धा दिवस मोडे. मग वडिलांनी भट्टी पुन्हा मांडली. ती कशी मांडली ते सांगते.

जागा

घराच्या आत भट्टी कधी लावू नये. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत माणूस त्यानं मरू शकतो. म्हणून बाजूने उघडी पडवी हवी. वर पत्रा असावा, गवताचे छप्पर नको. पेंढ्याची गंजी आणि गोठा लांब हवा. जमीन मातीची असावी. पडवीत थोडी सावली लागते, कारण उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही.

साहित्य

१) भट्टी : विटांचा ओटा करून मधे वीतभर रुंद आणि चार-पाच बोटे खोल खळगा ठेवला. त्याला चिकण माती व भाताचं तूस कालवून लिंपले. वारा येण्यासाठी बाजूने लोखंडी नळी बसवली. नळीला जस्ताचा मुलामा नसावा. जस्त तापले की त्याचा धूर बाधतो आणि थंडी वाजून ताप येतो.

२) भाता : आजोबांचा भाता कातड्याचा होता. आता हाताने फिरवायचा पंखा आहे. वाऱ्याने कोळशाला जास्त ऑक्सिजन मिळतो, म्हणून तो जोरात पेटतो.

३) ऐरण : ही जड हवी. आमची ऐरण लाकडाच्या ओंडक्यात घट्ट बसवली आहे. उभे राहून काम करायचे तर ऐरण आपल्या मुठीच्या उंचीला यावी. उंच झाली तर खांदा दुखतो, बुटकी झाली तर कंबर.

४) इतर : हातोडा, घण, सांडशी, छिन्नी, कानस, पाण्याची बादली, तेलाचा डबा आणि वाळूचे घमेले.

भट्टीपासून ऐरण एका पावलावर हवी. लांब असली तर जाईपर्यंत लोखंड निवते.

विळा कसा होतो

भंगारातून जुन्या गाडीचा कमानीचा पाटा आणतात. तो चांगले पोलाद असतो. त्याची पट्टी कापून भट्टीत घालतात. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते, पण घडवायला ते वितळवायचे नसते. लाल-नारिंगी झाले की ते मऊ होते. मग ठोकून लांब करायचे, वाकवायचे. लाली गेली की पुन्हा भट्टीत. पांढरे होऊन ठिणग्या उडू लागल्या तर पोलाद जळाले असे समजावे.

आजोबा म्हणतात, "आरं, आधी डोळ्यानं बघायचं, मग हातोडा उचलायचा."

आकार आल्यावर विळा राखेत हळूहळू निवू देतात आणि कानशीने घासतात. नंतर त्याला पाणी देतात. पाणी देणे म्हणजे तापवून एकदम थंड करणे. यासाठी किती तापवायचे? वडील चुंबक लावून बघतात. साधारण ७७० अंशांना लोखंडाला चुंबक चिकटेनासे होते. त्यानंतर थोडे आणखी तापवून विळा तेलात बुडवतात. पाट्याचे पोलाद पाण्यात बुडवले तर तडकू शकते.

आता विळा फार कडक होतो. दगडाला लागला तर काचेसारखा तुटेल. म्हणून धारेची बाजू घासून चकचकीत करतात आणि मागच्या बाजूने हळू ऊब देतात. धारेवर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग आला की थांबतात. मग लाकडाची मूठ बसवतात.

काळजी

अंगात सुती कपडे आणि पायात बूट हवेत. नायलॉनचा कपडा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. डोळ्यांना चष्मा लावावा. ओला दगड भट्टीत ठेवू नये, तो फुटतो. सर्वांत फसवे असते ते काळे लोखंड. लाली गेली तरी ते हात भाजण्याइतके गरम असते. म्हणून खाली पडलेला तुकडा कोणीही उचलू नये. आम्हा मुलांना ओट्याजवळ जायची परवानगी नाही. मी पडवीच्या खांबाबाहेर उभी राहून बघते.

रस्त्याकडेला घिसाडी लोक येतात, ते तुम्ही पाहिले असेल. त्यांची भट्टी जमिनीतल्या लहान खळग्यात असते. बाई घण मारते आणि गडी सांडशीत लोखंड धरतो. म्हणजे लोहारसाळेला मोठी इमारत लागत नाही. लागते ती कला, आणि ती वडीलधाऱ्यांकडून शिकावी लागते.

पालकांसाठी एक माहिती. केंद्र सरकारची पी. एम. विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत तिच्यात ठेवली आहे. ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

मित्रांनो, चांगल्या पोलादाचा विळा पुन्हा पुन्हा धार लावून अनेक वर्षे चालतो. गावात भट्टी असेल तरच हे होते, आणि गावाने काम दिले तरच भट्टी पेटती राहते. म्हणून घरात गंजलेला जुना विळा असेल तर तो भंगारात घालू नका. आधी लोहाराला दाखवा.

सांगा पाहू!

१) पंखा फिरवला की निखारा जास्त लाल का होतो?
२) भट्टी बंद खोलीत का लावू नये?
३) तुमच्या घरी लोहाराने घडवलेल्या किती वस्तू आहेत? मोजून वहीत लिहा.

– इयत्ता चौथी