मध्यरात्रीचा घाम

पौषातली रात्र आहे. घरातली मंडळी गोधड्या पांघरून गाढ झोपली आहेत. पहाटे तीनच्या सुमारास तुम्ही पाणी प्यायला उठता आणि पाहता तो काय, आजोबांचा सदरा घामाने चिंब! कपाळाला हात लावावा तर ते गार. ताप नाही, उकाडा नाही. मग हा घाम आला कोठून? आजोबा मधुमेहासाठी इन्शुलिन टोचून घेत असतील, तर या प्रश्नाचे उत्तर सकाळपर्यंत लांबणीवर टाकून चालत नाही.

आधी थोडे गणित करू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी साधारण ९० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. करा गुणाकार. उत्तर येते साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा साखर! साऱ्या रक्तात मिळून एवढीच. आणि एकटा मेंदूच तासाला सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज खर्च करतो. आपण झोपलो म्हणून त्याचा खर्च फारसा घटत नाही. या हिशेबाने आपण सगळे मध्यरात्रीच बेशुद्ध व्हायला हवे. तसे होत नाही याचे श्रेय यकृताचे. जेवणातून आलेली जास्तीची साखर ते ग्लायकोजेनच्या रूपात साठविते, सुमारे १०० ग्रॅम, आणि रात्रभर तिचे ग्लुकोज करून थोडे थोडे रक्तात सोडते. साखर जराशी घसरली, की स्वादुपिंड इन्शुलिन आवरते घेते आणि ग्लुकॅगॉन नावाचे दुसरे संप्रेरक सोडते. यकृताला तेवढा इशारा पुरतो.

टोचलेल्या इन्शुलिनचे तसे नाही. एकदा कातडीखाली गेले की ते परत घेता येत नाही. रात्री जेवण कमी झाले, तरी ते आपले काम करीतच राहते. मधुमेहाच्या काही गोळ्यांचेही असेच आहे. संध्याकाळी भरपूर खेळ झाला असेल तर आणखी भर पडते, कारण स्नायू आपली रिकामी झालेली कोठारे भरण्यासाठी पुढे कित्येक तास रक्तातली साखर ओढून घेत असतात. तुमच्या वर्गात इन्शुलिन घेणारा कोणी मित्र असेल, तर कबड्डीच्या सामन्यानंतरची रात्र त्याने विशेष जपायची असते.

रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू लागली, की मेंदू धोक्याची घंटा वाजवितो. अनुकंपी चेतासंस्था खडबडून जागी होते. अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन सुटते, छाती धडधडते, हात थरथरतात, यकृताला साखर सोडण्याचा हुकूम जातो. याच धामधुमीत घर्मग्रंथींनाही संदेश पोहोचतो. घामाने साखर वाढत नाही बरे का! गंमत अशी, की चेतातंतूंकडून घर्मग्रंथींना हा संदेश देणारे रसायन ॲड्रिनॅलिन नव्हे, तर ॲसिटिलकोलीन आहे. म्हणून ॲड्रिनॅलिनचा परिणाम अडविणारी रक्तदाबाची काही औषधे जे घेतात, त्यांची छाती धडधडली नाही तरी घाम मात्र फुटतो. झोपेत ही घंटा जागेपणीपेक्षा मंद वाजते. माणूस स्वतः जागा होईलच असे नाही. शेजारी झोपलेल्याला दिसतो तो घाम, आणि कधी असंबद्ध बडबड.

मात्र रात्रीचा प्रत्येक घाम साखरेच्या माथी मारू नका. हिवतापाचा ताप उतरताना घाम येतो. आठवडेच्या आठवडे रात्री घाम येत असेल, सोबत खोकला असेल, वजन घटत असेल, तर क्षयरोगाची तपासणी हवी. छातीत दुखून गार घाम सुटला तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. तेव्हा थेट रुग्णालय गाठावे.

साखरेचा निवाडा ग्लुकोमीटर रक्ताच्या एका थेंबावर करतो. ते घरात नसेल, आणि माणूस इन्शुलिन घेणारा असेल, तर साखर कमी झाली असे धरूनच चालावे. त्याला उठवून बसवा. शुद्धीवर असेल व नीट गिळता येत असेल, तर चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर लागतो. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. सुधारणा नसेल तर तेच पुन्हा द्या. बरे वाटले की पोळीचा तुकडा किंवा बिस्किटे द्यावीत. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात थेंबभरही काही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

सकाळी आजोबांना विचाराल, तर रात्रीचे त्यांना बहुधा काहीच आठवणार नाही. फार तर डोके दुखते म्हणतील. म्हणून तुम्हीच वहीत लिहून ठेवा: किती वाजता घाम आला, साखर किती भरली, रात्री ते काय जेवले, इन्शुलिन किती व केव्हा घेतले. ती वही डॉक्टरांना दाखवा. मात्रा कमी करायची की वेळ बदलायची हे तेच ठरवतील. भीतीपोटी इन्शुलिन परस्पर बंद करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तो धोका घामापेक्षा लहान नाही.