नाडी घड्याळासारखी का चालत नाही?

चेतासंस्थेचा धडा शिकवताना मुलांना आधी नाडी धरायला लावावी. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची, श्वास हळूहळू घ्यायचा, तितकाच सावकाश सोडायचा. घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. मुलांमध्ये हे छान जाणवतं. वयानुसार फरक कमी होत जातो, म्हणून सरांच्या नाडीवर प्रयोग दाखवायच्या भानगडीत पडू नये!

म्हणजे मिनिटाला ६० ठोके याचा अर्थ दर सेकंदाला बरोब्बर एक, असा नाही. दोन ठोक्यांतलं अंतर कधी ०.९ सेकंद, कधी १.१. या कमीजास्तपणालाच एचआरव्ही म्हणतात.

कारण सोपं आहे. हृदयाला स्वतःचा ठेका असतो, साधारण मिनिटाला १००. आरामात तो ७०च्या आसपास येतो, कारण वेगस ही चेता ब्रेक लावून असते. श्वास घेताना ब्रेक सैल, सोडताना घट्ट. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाची वेगस उत्तेजित केली आणि त्यातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं! तो पदार्थ म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन.

आता पालकांच्या कामाचा भाग. नैराश्य, चिंताविकार, स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या गटांत एचआरव्ही सरासरीने कमी आढळतो. पण गटाची सरासरी वेगळी, आपलं मूल वेगळं. झोप, ताप, व्यायाम, वय, सगळ्यांनी हा आकडा हलतो. मनगटावरच्या स्मार्टवॉचने कमी आकडा दाखवला म्हणून मुलाला नैराश्य आहे असं ठरत नाही, आणि चांगला दाखवला म्हणून त्याचं गप्प गप्प राहणं दुर्लक्षण्यासारखं होत नाही. अमिट्रिप्टिलीन, क्लोझापीन अशी काही औषधंही हा आकडा खाली आणतात. तेवढ्यावरून गोळ्या परस्पर बंद करणं धोक्याचं. शंका डॉक्टरांनाच विचारावी.

मग प्राणायामाचं काय? हा प्रश्न आपल्या सांताक्रूझमध्ये हमखास येतो. योगेंद्रजींनी १९१८ मध्ये वर्सोव्याला सुरू केलेली योग इन्स्टिट्यूट १९४८ पासून सांताक्रूझ पूर्वेलाच आहे. स्वामी कुवलयानंदांनीही १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. मिनिटाला सहाच्या सुमारास श्वास घेतले की रक्तदाबाच्या नैसर्गिक लयीशी श्वासाची लय जुळते आणि नाडीतला चढउतार मोठा होतो. मात्र त्या पाच मिनिटांत आकडा वाढला म्हणजे आजार गेला, असं नव्हे. प्राणायाम जरूर करा, पण उपचारांच्या जोडीला.

मुलाची झोप, भूक, मित्र, अभ्यास दोन आठवडे बदललेले दिसले, तर घड्याळ बाजूला ठेवून त्याच्याशी बोला. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. तो वर्गाच्या फलकावर लिहून ठेवा. मूल जीव नकोसा झाल्याचं बोललं तर मात्र त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.