स्वयंपाकघरातलं विज्ञान : अर्ध्या तासात क्रीमी चिकन-भाजी पास्ता (इयत्ता 7 वी ते 9 वी)



आठवीच्या वर्गात एकदा विचारलं, "संध्याकाळी घरी गेल्यावर काय करता?" कुणी क्रिकेट म्हणालं, कुणी क्लास. एक मुलगा म्हणाला, "मी जेवण करतो, बाई." वर्ग हसला. त्याची आई रात्री नऊला कामावरून येते. तोवर तो स्वतःला आणि धाकट्या बहिणीला नूडल्सचं पाकीट उकळून देतो. तास संपल्यावर हळूच म्हणाला, "बाई, पोटभरीचं काहीतरी शिकवा ना." हा पाठ त्यातून तयार झाला.

शाळेत फक्त भाज्यांचा पास्ता करावा, कारण बरीच मुलं चिकन खात नाहीत. चिकनचा भाग घरी, मोठ्या माणसाच्या समोर करायचा.

साहित्य (4 जणांसाठी)

पास्ता 250 ग्रॅम, बोनलेस चिकन 250 ग्रॅम, गाजर, सिमला मिरची, मटार आणि मक्याचे दाणे मिळून 2 वाट्या, लसूण 5-6 पाकळ्या, लोणी 30 ग्रॅम, मैदा 30 ग्रॅम, दूध अर्धा लिटर, थोडं तेल, मीठ, मिरपूड. चिकनऐवजी पनीर किंवा मशरूमही चालेल.

लोणी आणि मैदा मुलांना वजनकाट्यावर मोजू द्या. एक मोठा चमचा लोणी साधारण 14 ग्रॅम भरतं, तेवढाच सपाट चमचा मैदा जेमतेम 8 ग्रॅम. चमचा तोच, मग वजन वेगळं का? घनतेचा धडा इथेच सुरू होतो.

कृती

1. सर्वांत आधी अडीच लिटर पाणी उकळत ठेवा. ते उकळेपर्यंत भाज्या चिरून होतात. कामांचा क्रम मुलांना आधी कागदावर लिहायला सांगा. अर्धा तास पुरतो तो या क्रमामुळेच.

2. भाज्या आधी, चिकन शेवटी. चिकनसाठी पाट आणि सुरी वेगळी. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात. जंतू मरतात ते नीट शिजवल्याने, धुतल्याने नव्हे. हात मात्र साबणाने धुवायचेच.

3. चिकनचे लहान, एकसारखे तुकडे करा. मीठ-मिरपूड लावून थोड्या तेलात 6-7 मिनिटं परता. सर्वांत जाड तुकडा कापून बघा : आत गुलाबी रंग नको. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान 74 अंश सेल्सिअस हवं. चिकन काढून त्याच कढईत लसूण आणि भाज्या परता. गाजर आधी, सिमला मिरची शेवटी.

4. उकळत्या पाण्यात लिटरला 10 ग्रॅम या हिशेबाने मीठ घाला आणि पास्ता सोडा. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी काढा, कारण पुढे तो सॉसमध्येही शिजतो. निथळण्यापूर्वी एक वाटी पाणी बाजूला ठेवा.

5. मंद आचेवर लोणी वितळवून मैदा दोन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. मग दूध थोडं थोडं घालत सतत ढवळा. उकळी येऊन सॉस चमच्याला चिकटू लागला की भाज्या, चिकन आणि पास्ता घाला. घट्ट वाटला तर पास्त्याचं पाणी घाला.

मुलांना विचारा

*मैदा थेट गरम दुधात टाकला तर?* पहिल्यांदा मी तेच केलं आणि गुठळ्याच गुठळ्या झाल्या! बाहेरचा स्टार्च लगेच फुगतो आणि आत कोरडं पीठ अडकून राहतं. लोण्यात परतल्यावर कण सुटे राहतात.

*मिठामुळे पाणी लवकर उकळतं का?* नाही. उलट उत्कलनबिंदू किंचित वाढतो, पण एवढ्या मिठाने 0.2 अंशापेक्षाही कमी. मीठ चवीसाठीच.

*पास्ता शिजूनही मोडत का नाही?* तो ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. त्यातली प्रथिनं स्टार्चला धरून ठेवतात. आपला बन्सी गहू ड्युरमच. आजीला विचारा, शेवयांसाठी बन्सी का घेतात? म्हणजे पास्ता अगदीच परका नाही.

पालकांसाठी

मुलगा असो वा मुलगी, एक दिवस ओटा त्यांच्या ताब्यात द्या. जवळ उभे राहा, पण चमचा हातात घेऊ नका. गुठळ्या झाल्या तर होऊ द्या. गॅस बंद करणं आणि ओटा पुसणं हाही पाठाचाच भाग.

तो मुलगा पंधरा दिवसांनी सांगत आला, "बाई, केला. आई होती तेव्हाच केला. सॉस जरा पातळ झाला, पण बहिणीने दोनदा घेतला." या वेळी मी त्याला वर्गासमोर उभं करून कृती सांगायला लावली. कुणी हसलं नाही. उलट तिघांनी वहीत उतरवून घेतली.

स्वाध्याय : हीच कृती 6 जणांसाठी करायची असेल तर प्रत्येक साहित्य किती लागेल? प्रमाण मांडून काढा आणि आजच्या बाजारभावाने एका माणसाचा खर्च लिहा.